नाही म्हणायला काय जातं?

गेला शनिवार-रविवार मी एका जुन्या टीव्हीसमोर पालथा पडून घालवला. अक्षरशः पालथा. टीव्ही जमिनीवर, कॉम्प्युटर जमिनीवर, मीही जमिनीवर. बायको दोनदा येऊन बघून गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, "अरे, जेवायला येतोस की ताट तिकडेच सरकवू, जेलमधल्यासारखं?" मी म्हटलं, "पाचच मिनिटं." (सॉफ्टवेअरवाल्यांची पाच मिनिटं किती वेळ चालतात ते तुम्हाला ठाऊक आहेच.)

तर मंडळी, आजचा लेख म्हणजे भांडण आहे. टीव्हीशी भांडून उपयोग नाही, तो बिचारा गरीब आहे. भांडण आहे ते ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरशी. आणि लेखाच्या शेवटी ते माझ्याच अंगावर येणार आहे, हेही आधीच सांगून टाकतो.

सुरुवात साताऱ्यापासून. १९९६-९७ च्या सुमाराला आमच्या शाळेमागे पत्र्याच्या शेडमध्ये एक व्हिडिओ गेम पार्लर होतं. एक रुपयाला एक टोकन. तिथला राजा म्हणजे 'मुस्तफा'. ह्या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स', कॅपकॉमने तो १९९३ साली काढला, हे मला नोकरी लागल्यावर कळलं. आमच्यासाठी तो मुस्तफाच, त्यातल्या मुस्तफा कैरो नावाच्या पात्रावरून. पार्लरमधली मशिनं म्हणजे प्लायवूडच्या पेटीत बसवलेली टीव्हीची नळी, आणि आत एक डुप्लिकेट बोर्ड. पण चित्र काय दिसायचं! रंग असे, की बोट लावलं तर बोटाला लागतील.

आज तोच गेम लॅपटॉपवर चालवा. मेम नावाचा एमुलेटर आहे, निकोला साल्मोरिया ह्या इटालियन माणसाने १९९७ च्या फेब्रुवारीत पहिल्यांदा बाहेर काढलेला. गेम उत्तम चालतो. पण एलसीडीवर ते चित्र एकतर चौकोनी फरशा बसवल्यासारखं दिसतं, नाहीतर तूप लावलेल्या काचेतून बघितल्यासारखं. आणि पात्रं चालताना मधेच बारीक अडखळतात. म्हटलं, एकदा खऱ्या नळीवर, खऱ्या वेगाने बघायचंच.

साताऱ्याच्या मामांकडे माळ्यावर २१ इंची टीव्ही पडून होता, मागे कंपोनंटच्या तीन रंगीत खोबणी असलेला. मामा म्हणाले, "ने बाबा. भंगारवाला दोनशे देतो म्हणत होता. तू काय देतोस?" मी म्हटलं, "मामा, तुम्हाला बाकरवडी आणलीय." सौदा झाला. टीव्ही उचलताना कंबरेने जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता थोडं गणित. घाबरू नका, नुसता भागाकार आहे.

टीव्हीच्या नळीत एक किरण डावीकडून उजवीकडे ओळ काढतो, परत डावीकडे येतो, पुढची ओळ काढतो. हातमागावरच्या धोट्यासारखं. तळाशी पोचला की पुन्हा वर. परत येण्यात जो वेळ जातो त्या वेळात चित्र नसतं, पण तो वेळ मोजावा लागतो. म्हणून प्रत्येक डिस्प्ले मोडला दोन प्रकारचे आकडे असतात: दिसणारे आणि एकूण. मुस्तफाच्या बोर्डावर पिक्सेलचं घड्याळ ८ मेगाहर्ट्झचं. एका ओळीत दिसणारे पिक्सेल ३८४, एकूण ५१२. दिसणाऱ्या ओळी २२४, एकूण २६२. आता भागा. ८० लाख भागिले ५१२ म्हणजे सेकंदाला १५,६२५ ओळी. त्याला २६२ ने भागलं की सेकंदाला ५९.६३७ चित्रं. झालं गणित. ह्या सगळ्या आकड्यांची एक ओळ लिहिली की तिला मोडलाइन म्हणतात.

गंमत बघा, १५,६२५ हा आकडा आपल्या पाल पद्धतीच्या टीव्हीचा आहे. ६२५ ओळी, सेकंदाला २५ चित्रं, गुणाकार १५,६२५. म्हणजे मामांचा टीव्ही आणि कॅपकॉमचा बोर्ड हे जन्मतः एकाच ठेक्यावर चालतात. (सेकंदाला ५० ऐवजी ६० च्या आसपास चित्रं आली तरी आपल्याकडचे पुष्कळ मल्टीसिस्टिम टीव्ही निमूट चालवून घेतात. मामांचा त्यातलाच.) दोघांची गाठ घालून द्यायची तर मधे फक्त एक ग्राफिक्स कार्ड हवं. आणि इथेच आमचे भटजी आडवे आले.

पीसीच्या जगाने १९८७ साली आयबीएमच्या व्हीजीएबरोबर ही १५ किलोहर्ट्झची दुनिया सोडली. ६४० बाय ४८० चा नेहमीचा मोड घ्या: घड्याळ २५.१७५ मेगाहर्ट्झ, ओळीत एकूण ८०० पिक्सेल, एकूण ५२५ ओळी. म्हणजे सेकंदाला जवळजवळ ३१,४६९ ओळी, साधारण दुप्पट. त्यात भर म्हणजे डीव्हीआय आणि एचडीएमआय ह्या डिजिटल जोडण्या २५ मेगाहर्ट्झच्या खालचं घड्याळ घेतच नाहीत. मला हवं होतं ८. पण माझ्या कार्डाला जुनं ॲनालॉग पोर्ट होतं आणि त्याला ही अट लागू नाही. तिथे तर नुसता व्होल्टेज वरखाली व्हायचा असतो.

शनिवारी सकाळी मी कार्डाच्या सेटिंगमध्ये 'कस्टम रिझोल्यूशन' उघडलं आणि वरचे आकडे भरले. कार्ड एका बड्या कंपनीचं, नाव घेत नाही. ड्रायव्हरने क्षणभर विचार केला आणि सांगितलं: यशस्वी. यादीत ३८४ बाय २२४ दिसायला लागलं. मी तो मोड निवडला. स्क्रीन बदलली. सेटिंगच्या खिडकीत आकडे माझेच. आणि टीव्हीवर? शेजारी शेजारी दोन मुस्तफा, दोघेही निम्म्या रुंदीचे पिचकलेले, आणि टीव्हीतून अशी बारीक शिट्टी की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. मी झडप घालून स्विच बंद केला.

पुढचे चार तास मी स्वतःलाच दोष देत होतो. आकडे चुकले असतील. सिंकची दिशा उलटी असेल. व्हीजीएवरून कंपोनंट करणारी ती चिनी डबी खराब असेल. केबल बदलली. डबी उघडून बघितली. पुन्हा आकडे. पुन्हा भागाकार. जेवण थंड.

चार वाजता डोक्यात प्रकाश पडला. घरात एक जुना एलसीडी मॉनिटर होता. त्याच्या मेनूत एक माहितीचं पान असतं, आत येणारा सिग्नल किती किलोहर्ट्झचा आहे ते दाखवणारं. केबल टीव्हीकडून काढून त्याला लावली. (कार्डाला मॉनिटरची ओळख सांगणाऱ्या १२ आणि १५ नंबरच्या पिनांच्या तारा मी आधीच तोडल्या होत्या, त्यामुळे समोरचं यंत्र बदललंय हे कार्डाला कळलं नाही.) मॉनिटरवर आकडा आला: ३१.५ किलोहर्ट्झ, ६० हर्ट्झ.

म्हणजे मी सांगितलेला मोड ड्रायव्हरने लावलाच नव्हता! त्याने माझं ३८४ बाय २२४ चं चित्र घेतलं, ६४० बाय ४८० च्या नेहमीच्या चौकटीत ताणून बसवलं, आणि तारेवर पाठवलं. मला मात्र तोंडावर सांगितलं, की साहेब, तुमचं काम झालं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? ड्रायव्हरने तुझ्या भल्यासाठीच केलं ना?

नाही हो. माझं भांडण नेमकं इथेच आहे. ड्रायव्हरने 'नाही' म्हटलं असतं तर मला मान्य होतं. 'घड्याळ २५ मेगाहर्ट्झच्या खाली चालणार नाही' एवढं एक वाक्य दाखवलं असतं तर माझे चार तास वाचले असते, आणि मामांच्या टीव्हीला भलता सिग्नल गेला नसता. त्याऐवजी त्याने 'हो' म्हटलं आणि गुपचूप दुसरंच केलं. हॉटेलात इडली मागितली आणि वेटरने 'हो साहेब' म्हणून उपमा आणून ठेवला, वर बिलावर इडली लिहिली, तर तुम्ही काय म्हणाल? इडली संपली असं सांग ना बाबा! आम्ही उपमा खाऊ, नाहीतर समोरच्या हॉटेलात जाऊ. आमचं आम्ही बघू.

आणि हे कार्डाला जमत नव्हतं असंही नाही. त्याच संध्याकाळी मी एक जुनी युक्ती केली. ह्या नादातली माणसं तिला 'सुपर रिझोल्यूशन' म्हणतात. नळीच्या टीव्हीला ओळीतले पिक्सेल मोजता येत नाहीत, त्याच्यासाठी एक ओळ म्हणजे सलग वरखाली होणारा व्होल्टेज. त्याला कळतात त्या फक्त ओळी, आणि त्यांचा ठेका. मग ओळीत ३८४ ऐवजी २५६० पिक्सेल कोंबायचे. एकूण ३४१६. घड्याळ ५३.३७५ मेगाहर्ट्झ. भागा बघू: पुन्हा बरोबर १५,६२५. त्याला २६२ ने भागा: ५९.६३७. ठेका तोच, पण घड्याळ २५ च्या खूप वर, त्यामुळे ड्रायव्हरच्या पहारेकऱ्याला संशय येत नाही. एमुलेटर प्रत्येक मूळ पिक्सेल सहा-सात पिक्सेल रुंद करून काढतो, आणि एवढ्या बारकाव्यात सहा की सात हे डोळ्याला दिसत नाही.

चित्र आलं. एकच मुस्तफा, पूर्ण रुंदीचा. फक्त सगळं डावीकडे सरकलेलं. त्याला उपाय सोपा: एकूण आकड्याला हात लावायचा नाही, नुसता सिंकचा ठोका मागेपुढे करायचा. तो थोडा आधी दिला की चित्र उजवीकडे सरकतं. दोन-तीनदा करून मध्यावर आणलं.

लक्षात घ्या, तेच कार्ड, तीच केबल, तोच टीव्ही आणि ओळींचा तोच वेग. यंत्राला सगळं जमत होतं. अडवत होती ती कोणीतरी लिहिलेली 'इफ' कंडिशन.

हे फक्त माझं रडगाणं असतं तर लेख लिहिला नसता. पण ह्या एका 'इफ' ला वळसा घालण्यासाठी जगभरातल्या माणसांनी किती वर्षं घातली ते बघा. पूर्वी अल्टिमार्क ह्या ब्रिटिश कंपनीने 'आर्केडव्हीजीए' नावाचं, १५ किलोहर्ट्झसाठी बायॉस बदललेलं कार्ड विकायला काढलं. एक्सपीच्या काळात 'सॉफ्ट१५किलोहर्ट्झ' हे छोटं सॉफ्टवेअर आलं. मग 'कॅलॅमिटी' ह्या टोपणनावाच्या माणसाने 'सीआरटी एमुड्रायव्हर' केला: कंपनीच्याच ड्रायव्हरमधली बंधनं सैल करून त्याच कार्डातून १५ किलोहर्ट्झ काढणारा. त्याच्याच 'ग्रूव्हीमेम' मध्ये 'स्विचरेस' नावाचा भाग आहे. तुम्ही नुसता गेम निवडा, तो त्या गेमची मोडलाइन स्वतः काढतो आणि लावतो. ही सगळी मंडळी काही नवं हार्डवेअर करत नव्हती. आर्केडव्हीजीए धरून सगळ्यांची बहुतेक मेहनत यंत्रात असलेली गोष्ट वापरायची परवानगी मिळवण्यात गेली.

आणि हे सगळं कशासाठी? नुसत्या जुन्या आठवणींसाठी? थोडंफार तेही आहे, नाकारत नाही. पण 'मॉर्टल कॉम्बॅट' घ्या, १९९२ चा. तो सेकंदाला ५४.७ चित्रं दाखवतो. 'आर-टाइप', १९८७ चा, ५५.०१८. 'मेटल स्लग' चा निओजिओ बोर्ड ५९.१८६. 'पॅकमॅन', १९८० चा, ६०.६०६. कारण प्रत्येक बोर्डावर वेगळा क्रिस्टल, वेगळा भागाकार. मॉर्टल कॉम्बॅट ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर लावला तर दोनच पर्याय उरतात. एक, गेम जवळजवळ १० टक्के वेगाने पळवा, म्हणजे हाताला बसलेली सवय खोटी ठरते. दोन, सेकंदाला पाच-सहा चित्रं दोनदा दाखवा, म्हणजे अडखळणं आलं. मेमच्या सोर्समध्ये लोकांनी बोर्डाबोर्डाच्या क्रिस्टलचे आकडे खपून लिहून ठेवलेत. तो गेम *असा* चालत होता ह्याचा तो पुरावा आहे. आणि शेवटच्या पायरीवर ड्रायव्हर म्हणतो, 'साठच करू ना, काय फरक पडतो?'

आता विरुद्ध बाजू. ती ऐकून घेतली नाही तर आपल्यात आणि टीव्हीवरच्या चर्चेत फरक काय राहिला?

पहिला आक्षेप: सुरक्षितता. भलता सिग्नल दिला तर मॉनिटर जळू शकतो. खरं आहे! जुन्या मॉनिटरचा आडवा सर्किट चुकीच्या वेगाने खरंच उडू शकतो. पण मग ९० च्या दशकातला लिनक्स आठवा. एक्सफ्रीएटीसिक्स ह्या ग्राफिक्स सिस्टिमच्या फाइलमध्ये तुम्हाला स्वतः लिहावं लागायचं: माझा मॉनिटर किती ते किती किलोहर्ट्झ घेतो. सोबतच्या माहितीत इशारा असायचा, की चुकलात तर मॉनिटर जाईल. त्या हद्दीत न बसणारा मोड तो नाकारायचा. पण नाकारला की लॉगमध्ये लिहायचा: हा मोड वापरत नाही, कारण आडवी फ्रीक्वेन्सी हद्दीबाहेर आहे. एक ओळ, कारणासकट. तुम्ही लॉग वाचला, हद्द तपासली, आणि निर्णय तुमचा. ही झाली सुरक्षितता. माझ्या ड्रायव्हरने मात्र सुरक्षिततेच्या नावाखाली १५ च्या टीव्हीला ३१ चा सिग्नल पाठवला, म्हणजे जे टाळायचं तेच केलं, आणि वर सांगितलं नाही.

दुसरा आक्षेप: हे वापरणारे असे किती टक्के? हा प्रश्न आपण सगळ्यांनी मीटिंगमध्ये ऐकलाय. टेलिमेट्री काढा, ०.०-कितीतरी टक्के येतील, फीचर उडवा. ह्यावर माझं उत्तर असं, की उडवा! खुशाल उडवा. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी आणि बाकीच्या काही कंपन्यांनी जाहीर केलं, की व्हीजीए २०१५ पर्यंत बंद करत आणणार. एएमडीच्या २०१३ च्या आर९ २९० वर ॲनालॉग सिग्नल नव्हता. एनव्हिडियाच्या २०१६ च्या जीटीएक्स १०८० वरही नव्हता. ह्याबद्दल माझी काही तक्रार नाही. कार्डाला भोकच नाही म्हटल्यावर मला दुकानातच कळतं. मी जुनं कार्ड शोधीन, नाहीतर गप्प बसेन. भोक नसणं हा प्रामाणिक नकार आहे. माझी तक्रार भोक ठेवून खोटं बोलण्याबद्दल आहे. कारणाचं एक वाक्य दाखवायला टक्केवारी लागत नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जड जातो: आता ह्याची गरजच काय? बदलत्या रिफ्रेशचे मॉनिटर आलेत, एनव्हिडियाचं जी-सिंक २०१३ पासून आणि एएमडीचं फ्रीसिंक २०१५ पासून. त्यावर मॉर्टल कॉम्बॅट आपल्या ५४.७ च्या चालीने सरळ चालतो. फोरकेवर नळीचा भास देणारे शेडर इतके चांगले झालेत की लांबून फसायला होतं. 'मिस्टर' सारखे एफपीजीए प्रकल्प तर थेट १५ किलोहर्ट्झ बाहेर काढतात. सगळं मान्य. ज्याला नुसता गेम खेळायचाय त्याने ह्यातलंच काहीतरी घ्यावं, जमिनीवर पालथं पडू नये, असं मी स्वतः सांगेन. पण पर्याय आहे म्हणून खोटं बोलणं माफ होत नाही. समोर दुसरं हॉटेल आहे, म्हणून इडलीच्या बिलावर उपमा चालेल का?

आणि प्रश्न फक्त गेमवाल्यांचा नाही. विचित्र आकाराची एलईडी भिंत चालवणारा, जुना प्रोजेक्टर जोडणारा, डोळ्यांवर प्रयोग करण्यासाठी प्रयोगशाळेत मुद्दाम नळीचा मॉनिटर जपणारा संशोधक, ह्या सगळ्यांना ठरावीक यादीबाहेरचा मोड लागतो. संशोधकाचं तर बघाच. त्याला वाटणार की आपण चित्र अमुक इतके मिलीसेकंद दाखवलं, आणि ड्रायव्हरने परस्पर तिसरंच केलेलं. माझा शनिवार गेला, त्याचा निष्कर्ष जाईल.

रविवारचा किस्सा राहिलाच. सकाळी उठून बघतो तर सगळे मोड गायब. रात्री ऑपरेटिंग सिस्टिमने परस्पर अपडेट घेतला होता आणि त्यात ड्रायव्हर बदलला होता. पुन्हा तेच. ना 'तुमची सेटिंग काढली' असं एक वाक्य, ना विचारणं. मी मुकाट्याने जुना ड्रायव्हर घातला, ड्रायव्हरचे आपोआप अपडेट बंद केले, आणि सगळे आकडे वहीत लिहून ठेवले. कागदाच्या वहीत.

कोणाला हा उद्योग करायचाच असेल तर माझ्या चार तासांचं सार घ्या. ड्रायव्हर काय म्हणतो त्यावर विश्वास ठेवू नका, तारेवर खरंच काय येतंय ते मॉनिटरच्या माहितीच्या पानावर बघा. कार्डाचं स्केलिंग आधी बंद करा. एकूण पिक्सेल आणि एकूण ओळी ठरल्या की त्यांना हात लावू नका, चित्र सरकवायला फक्त सिंक हलवा. कॉम्प्युटर सुरू होताना पहिला स्क्रीन ३१ किलोहर्ट्झचा असतो, त्यामुळे टीव्ही शेवटी चालू करा. आणि टीव्हीचं मागचं झाकण उघडू नका, प्लग काढला तरी नळीत काही हजार व्होल्ट टिकून राहू शकतात. ह्यातलं शेवटचं वाक्य दोनदा वाचा.

आता अंगावर येण्याचा भाग.

रविवारी रात्री, मुस्तफा व्यवस्थित पळत असताना, मला आमच्याच प्रॉडक्टमधली एक स्क्रीन आठवली. मालवाहतुकीच्या नोंदीची. त्यात किमान वजन ५ किलो. दोनेक वर्षांपूर्वी एका गोदामातल्या कारकुनाने तक्रार केली होती: मी ३ टाकतो, सेव्ह केलं की ५ होतात. त्याला वाटलं, आपलंच बोट चुकतंय. तीन दिवस तो प्रत्येक नोंद उघडून पुन्हा ३ करत होता. बिलं जुळेनात, तेव्हा साहेबाच्या शिव्या खाल्ल्या. आमच्याकडे तिकीट आलं, आणि ते 'युजरची चूक, सिस्टिम बरोबर चालते' असं लिहून बंद झालं. बंद करणारा मी. आणि ५ पेक्षा कमी आलं तर गुपचूप ५ करणारी ती ओळ लिहिणाराही, हिस्टरी काढून बघितली, मीच!

त्या कारकुनाचे तीन दिवस आणि माझे चार तास, प्रकार तोच. दोघांनीही यंत्राच्या 'हो' वर विश्वास ठेवला आणि दोघांनीही आधी स्वतःवर संशय घेतला. फरक एवढाच, की मला एलसीडीचं माहितीचं पान बघायचं सुचलं. त्याच्याकडे असं कुठलं पान होतं? आपण जेव्हा चुकीचा आकडा गुपचूप 'दुरुस्त' करतो तेव्हा आपल्याला वाटतं, आपण युजरला त्रासातून वाचवलं. खरं तर आपण त्याला सांगतो, की तुझ्या हाताची खात्री धरू नकोस.

सोमवारी ऑफिसला जाऊन पहिलं काम ते केलं. ओळ काढली. आता ३ टाकलं तर सेव्ह होत नाही, आणि लाल अक्षरात येतं: 'किमान वजन ५ किलो आहे. तुम्ही ३ टाकलंय. हा नियम बदलायचा असेल तर ऑफिसमधल्या दरपत्रकात बदला.' रिव्ह्यू करणारी नवी मुलगी म्हणाली, "मेसेज फारच लांब नाही का झाला?" मी म्हटलं, "राहू दे. तीन दिवसांपेक्षा छोटाच आहे."

असो. टीव्ही अजून जमिनीवरच आहे आणि मुस्तफा ५९.६३७ च्या चालीने पळतोय. ताट मात्र ह्यावेळी मी स्वतः उठून घेतलं.